दुसरी आंघोळ

अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला कागदोपत्री पायलट म्हणतात. मला हे कळलं तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो आणि त्याआधी सव्वीस वर्षं रायपुरात भनपुरीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांचे ट्रक हाकले होते. बायकोने शेजारीपाजारी पेढे वाटले. मेहुणा मात्र अजूनही भेटला की विचारतो, गंगाधरराव, आज विमान कुठं उतरवलं. मी हसण्यावारी नेतो. ही गोष्ट तशी माझी नाहीच, माझ्या गाडीत मागच्या बाजूला जी पोरगी बसायची तिची आहे. पण त्या गोष्टीत मी एक मोठा घोळ घातला होता, म्हणून ती सांगायचा थोडा हक्क मलाही आहे असं मी समजतो.

तिचं नाव अनुश्री रामटेके. आमच्या गाडीत पायलटबरोबर एक ईएमटी असतो. ईएमटी म्हणजे डॉक्टर नाही, नर्सही नाही. आजारी माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचा जीव धरून ठेवायचं शिक्षण घेतलेला माणूस. रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. तिकडे नव्या शहरात कुत्रंही फिरकत नव्हतं असे रुंद रस्ते झाले होते आणि इकडे आमच्या भनपुरीच्या नाक्यावर अपघात रोजचेच. सरकारने गाड्या वाढवल्या, माणसं भरली, आणि एका सकाळी गणवेशातली एक किडकिडीत पोरगी माझ्या गाडीपाशी येऊन उभी राहिली.

"मराठी हो आप?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

"मग बरं झालं काका. भांडाले आपली भाषा बरी."

मी तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. इथल्या लोकांना रामटेके म्हणजे कोण ते कळत नाही, ते पंडित हो क्या म्हणून विचारतात. पण माझा बाप भंडाऱ्याहून रेल्वेत आलेला. आम्हाला आडनाव ऐकलं की त्याचं घर गावात कोणत्या बाजूला असणार इथपर्यंत सगळं कळतं. मला कळलं. लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगून टाकतो, पहिले तीन महिने मी माझा डबा पुढे स्टेअरिंगवर ठेवून एकट्याने खाल्ला. फोन येईल, गाडी सोडता येत नाही, असली कारणं मी स्वतःलाच देत होतो. ती मागच्या बाकावर बसून खायची आणि एका शब्दाने काही विचारायची नाही.

मग एका दुपारी तिने जवसाची चटणी आणली. लसूण घालून कुटलेल्या जवसाचा तो वास माझी आई गेल्यापासून मला आला नव्हता. मी मान वळवली. तिने काही न बोलता डबा पुढे केला आणि मी पोळीचा तुकडा मोडला. माझं हृदयपरिवर्तन वगैरे काही झालं नाही. भूक लागली होती आणि चटणी चांगली होती. दुसऱ्या दिवसापासून मात्र मी मागे जाऊन बसायला लागलो, आणि ते तीन महिने आठवले की आजही मला स्वतःचा राग येतो.

लोकांच्या घरी तिला काय काय ऐकावं लागायचं ते मी दारात उभा राहून पाहायचो. ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे ब्राह्मणांच्या मोहल्ल्यात, एका आजोबांना दम लागला होता. त्या गल्लीत गाडी शिरत नाही, आम्ही स्ट्रेचर घेऊन चालत गेलो. श्वास पुरत नव्हता त्या अवस्थेत आजोबांनी विचारलं, बेटी, कौन लोग हो. तिने सांगितलं. आजोबांनी तोंडावर आलेला मास्क हाताने बाजूला सारला. माझ्या तोंडात चार शब्द तयार होते, पण ती म्हणाली, "बाबूजी, मास्क आप पकड़िए, नली मैं पकड़ती हूँ." आजोबा दवाखान्यापर्यंत स्वतःच्या हाताने मास्क धरून आले, आणि वाचले.

परत येताना मी तिला म्हणालो, "काहून सांगतेस खरं? दुसरं काही सांगत जा. कोण पाहाले येते?"

"एकदा खोटं सांगितलं का रोज लक्षात ठेवा लागते काका. मले औषधांचे डोसच मुश्किलीनं लक्षात राहतात."

"राग नाही येत?"

"येते ना. पण तेवढ्यात पेशंटचा ऑक्सिजन पडते, मग राग राहून जाते."

तिचे वडील गौतम रामटेके माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचे. ती नऊ वर्षांची असताना ते गेले. आई शेवंताबाई, भनपुरीत ट्रकांच्या अड्ड्यामागे दोन खोल्यांत राहायच्या आणि शाळेचे गणवेश शिवायच्या. मशीनवर वाकून वाकून त्यांच्या पाठीला पोक आलेलं, पण पोरीला बी.एस्सी. केलं, वर हे ट्रेनिंग. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी चहा ठेवला आणि मला एकच प्रश्न विचारला.

"भाऊ, तुमच्या गाडीत बाळंतपणं तं नाही ना होत?"

मी तोंड उघडणार तोच अनुश्री म्हणाली, "नाही माय, किती वेळा सांगू. बीपी, सलाईन, ऑक्सिजन. बस."

मी चहात तोंड घातलं. आमच्याकडे निम्मे फोन बाळंतपणाचेच असायचे, आणि त्यातली काही बाळं दवाखान्याची वाट न बघता गाडीतच यायची. मला वाटलं, लग्नाच्या पोरीनं असलं काम करू नये असं आईला वाटत असेल. आयांना काहीही वाटतं. मी गप्प बसलो.

आता त्या दिवसाचं सांगतो. हिवाळा होता, दुपारचे बारा वाजले असतील. भनपुरीच्या पुढे, कारखान्यांच्या पलीकडच्या एका गावातून फोन आला. गावातलं मोठं घर, दयाराम दाऊंचं. इथे जमीनजुमला असलेल्या माणसाला दाऊ म्हणतात. त्यांची सून मीनल अडली होती, पहिलटकरीण. नवरा नोकरीवर बाहेरगावी, म्हणून सासू सोबत आली. दवाखान्याकडे निघालो आणि रेल्वेच्या फाटकाशी अडकलो. कोळशाची मालगाडी समोर येऊन उभी राहिली ती हलेना. मागून अनुश्रीचा आवाज आला, "काका, आता फाटक उघडलं तरी गाडी हलवू नका."

मी पडदा ओढून पुढे बसलो. ऐकू सगळं येत होतं. मीनल ओरडत होती, अनुश्री तिला हिंदीत श्वास घ्यायला सांगत होती, आणि मध्येच त्या सासूने विचारलं, "का जात हस, नोनी?" म्हणजे, कोणत्या जातीची तू, पोरी. मी कपाळाला हात लावला.

"बौद्ध हूँ अम्मा, नागपुर तरफ की. अब इसका पैर पकड़ो आप, ज़ोर से."

मी वाट बघत राहिलो की आता म्हातारी आरडाओरडा करणार. पण ती म्हणाली, "हव, तब ठीक हे." हो, मग ठीक आहे, असं अगदी सुटल्यासारखं म्हणाली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, बघा, खेड्यातली म्हातारी, पण शहरातल्या लोकांपेक्षा हिचं मन मोठं. मी तर पुढचे चार दिवस जो भेटेल त्याला हे सांगत सुटलो होतो.

मालगाडीचा शेवटचा डबा गेला तेव्हा बाळ रडलं. मुलगा. अनुश्रीने नाळेला चिमटे लावले, नाळ कापली, बाळ पुसून मीनलच्या छातीशी ठेवलं. मी पडदा सारला तर मीनल रडता रडता हसत होती आणि अनुश्रीच्या कपाळावर घामाने केस चिकटले होते. "काका, फाटकवाला आला पाहा," ती म्हणाली. मीनलला ते नाव इतकं आवडलं की दवाखान्यात पोचेपर्यंत तिने बाळाला तीनदा त्याच नावाने हाक मारली.

पाचव्या दिवशी आमच्या पॉइंटवर, म्हणजे गाडी उभी असते त्या जागी, दाऊंची जीप आली. अनुश्रीची त्या दिवशी सुटी होती. दाऊ स्वतः उतरले. हातात पाखडायचं सूप, त्यात तांदूळ, हळकुंडं, तेलाची बाटली आणि घडी घातलेली साडी. "कल छट्ठी है," ते म्हणाले. "उसको भेज देना. जच्चा-बच्चा को नहलाना है." सूप त्यांनी ठेवलं आणि ते गेले. आपल्याकडे पाचवी पुजतात तशी इथे सहाव्या दिवशी छट्ठी. मला वाटलं, बाळाची पहिली आंघोळ आमच्या अनुश्रीच्या हातची, केवढा हा मान. ड्युटी संपल्यावर मी ते सूप छातीशी धरून शेवंताबाईंच्या घरी गेलो. अनुश्री दुकानात गेली होती. मी सूप मशीनवर ठेवलं आणि म्हणालो, "वहिनी, पोरीनं नाव काढलं तुमच्या."

आणि फाटकाची सगळी कथा मी रंगवून सांगितली.

शेवंताबाईंनी मशीनवरचा पाय काढला. साडीला हात न लावता त्यांनी मला विचारलं, "भाऊ, हे सूप त्यानं तुमच्या हातात देलं का खाली ठेवलं?"

मी आठवलं. दाऊंनी सूप गाडीच्या चाकाशी जमिनीवर ठेवलं होतं, दोन पावलं मागे सरकले होते, आणि हनुवटीने मला उचल म्हणून खूण केली होती. मी वाकून उचललं होतं. मला तेव्हा त्यात काही वाटलंच नव्हतं. आता एकदम डोक्यात तिडीक गेली, की या माणसाने मला काय समजून सूप खाली ठेवलं. तो संताप दोनेक मिनिटं टिकला असेल. मग समोर शेवंताबाई दिसल्या आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

"माही माय सुईण होती," त्या म्हणाल्या. "गावातलं अर्धं लोक तिच्या हातावर जन्मलं. नाळ कापाची, वार पुराची, बाळंतिणीचे कपडे धुवाचे. तेवढे दिवस तिले घरात जाऊ देत. कारण तेवढे दिवस घरच इटाळाचं. शेवटच्या दिवशी ती दोघायले आंघोळ घाले, घर सारवे, न बाहेर ये. तिले सुपात तांदूळ भेटे, साडी भेटे. झालं घर शुद्ध. त्याच्या बादमध्ये तिनं त्या लेकराले हात लावाचा नाही. कधीच नाही."

मला आता कळलं की गाडीतल्या त्या म्हातारीला हायसं का वाटलं होतं. नाळ कापायला तिला त्याच जातीची बाई हवी होती आणि ती आयती मिळाली होती.

"मी तिच्यासंग जाओ लहानपणी," शेवंताबाई सांगत होत्या. "रस्त्यानं पोट्टे खेळत राहे. ती म्हणे, हा माह्या हातचा, तो माह्या हातचा. न दोन्ही हात मागं बांधून चाले. चुकून लागू नये म्हणून. मले ते हात पाहवत नव्हते भाऊ. म्हून मी तिथून निघाली, इतकी शिलाई केली, पोरीले शिकवलं. का तिनं पुन्हा नाळच कापावी?"

अनुश्री दारात केव्हा येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. तिच्या हातात साखरेची पुडी होती. तिने सूप पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माय, मी शिकून करून राहिली हे," ती म्हणाली. "हातमोजे घालून. बाळाची नाडी पाहून, आईले इंजेक्शन देऊन. हे आजीचं काम नाही."

"नाळ तं तेच आहे ना?"

"तेच आहे."

"मंग?"

अनुश्रीने साखरेची पुडी खाली ठेवली. ती आईजवळ जमिनीवर बसली आणि हिंदीत बोलायला लागली, घाबरली की ती हिंदीत शिरायची. माँ, मुझे यही काम आता है, यही अच्छा लगता है, छुड़वाओ मत. शेवंताबाईंनी तिच्या केसांतून हात फिरवला, पण त्यांचा निर्णय झाला होता.

"आंघोळीच्या पहिले कोणीही देते बाळ हातात," त्या म्हणाल्या. "तू आंघोळ घालाले जाऊ नको. छट्ठी होऊ दे. घर शुद्ध होऊ दे. सातव्या दिवशी जाऊ आपण, मीही येतो. तवा तुह्या हातात बाळ देलं तं मी जिंदगीत एक शब्द बोलणार नाही. नाही देलं तं हा डरेस खुंटीले टांग. पुन्हा घालाचा नाही."

"हव," अनुश्री म्हणाली.

मी मध्ये पडायला गेलो. म्हटलं, पोरीची नोकरी अशी दुसऱ्याच्या अंगणात काय डावाला लावता. पण मायलेकी दोघीही माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी चपला शोधल्या. सगळ्याचं मूळ मीच होतो. ते सूप मी तिथेच पॉइंटवर ठेवलं असतं तर शेवंताबाईंना आणखी दहा वर्षं काही कळलं नसतं.

अनुश्रीने दाऊंना फोन करून सांगितलं, छट्ठीला ड्युटी आहे, दुसऱ्या दिवशी बाळ-बाळंतिणीला बघायला येईन. आणि वर बजावलं, की नाळेचा तुकडा वाळून गळेपर्यंत बाळाला पाण्यात घालू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. तिकडून हव हव म्हणाले. छट्ठीच्या दिवशी तिने माझ्याबरोबर बारा तास ड्युटी केली. संध्याकाळी गणवेशावरचा औषधाचा डाग ती ओल्या कापसाने घासत होती. मी म्हणालो, राहू दे, उद्या धू. ती म्हणाली, "उद्या घालून जायचं आहे ना."

सातव्या दिवशी मी मेहुण्याची जुनी व्हॅन मागून आणली. विमान सोडून आज व्हॅन का, वगैरे ऐकून घेतलं. शेवंताबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि सूप मांडीवर धरलं होतं, जसं आलं तसं. अनुश्री गणवेशात, शेजारी तिची बॅग. फाटक त्या दिवशी उघडं होतं.

दाऊ घरी नव्हते. त्यांची बायको, म्हणजे ती गाडीतली सासू, हसतमुखाने सामोरी आली. वाईट बाई नव्हती ती, हे मला सांगितलंच पाहिजे. आम्हाला अंगणात, गोठ्याच्या बाजूला खुर्च्या मांडल्या. चहा आला तो कागदी कपांत. मागे ओट्यावर स्टीलचे कप पालथे घातलेले दिसत होते. माझ्याही हातात कागदी कप आला आणि माझ्या अगदी जिभेवर आलं होतं की बाई, मी यांच्यातला नाही. मी ते चहाबरोबर गिळलं. त्या घोटाइतका कडू घोट मी आयुष्यात घेतला नाही.

अनुश्रीने सूप ओट्याच्या कडेला ठेवलं. "अम्मा, ये सुईन का है. मैं गाड़ी वाली हूँ, हम लोग लेते नहीं." मग बॅग उघडली. "बच्चे को देख लूँ?"

सासूचं हसू तसंच राहिलं, फक्त नजर हलली. "सुते हे नोनी," ती म्हणाली. झोपलंय. मग, जणू काही संबंध नसल्यासारखं, "काली नहवा डारे हन." काल आंघोळ झाली.

अनुश्रीने बॅगेची चेन लावली. पूर्ण लावून झाल्यावरही तिची बोटं तिथेच राहिली. मी शेवंताबाईंकडे बघायचं टाळत होतो, पण बघितलंच. माझी खात्री होती की त्यांच्या चेहऱ्यावर, सांगितलं नव्हतं का, असं काहीतरी असेल. तसलं काही नव्हतं. पोरगी हरली म्हणून त्यांचा चेहरा उतरला होता. त्या उठल्या. उठताना त्यांनी दोन्ही हात मागे नेले आणि एकात एक धरले. त्यांना स्वतःला ते कळलं नसावं.

आम्ही निघणार एवढ्यात आतल्या खोलीचं दार वाजलं. मीनल उंबऱ्यात उभी होती, डोक्याला रुमाल बांधलेला, पाय अनवाणी, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. सासू हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मीनलने तिच्याकडे बघितलं नाही. ती सरळ अंगणात आली.

"दीदी, आप ऐसे ही जा रही थीं?" ती म्हणाली. "फाटकवाला कब से जाग रहा है."

तिने बाळ पुढे केलं. अनुश्रीचे हात निम्मे वर आले आणि थांबले. मग ती बाजूला झाली. "पहले मेरी माँ को दीजिए," ती म्हणाली.

मीनल शेवंताबाईंसमोर आली. शेवंताबाईंचे हात मागेच. मीनलला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून तिने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. "लीजिए ना, माँजी." मग ते हात पुढे आले. शिवणाच्या सुईने टोचलेले, पोक आलेल्या पाठीच्या बाईचे हात. मीनलने बाळ त्यांच्या हातांत ठेवलं. त्या तिथेच खाली बसल्या, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, आणि बाळाच्या टाळूला नाक लावलं.

"हा माह्या पोरीच्या हातचा," त्या त्याला म्हणाल्या.

मला रडू आलं. मी गोठ्यातल्या गाईकडे बघत राहिलो.

अनुश्रीने मग आईच्या मांडीवरच बाळाला तपासलं. डोळे, छाती, बेंबी. नाळेचा तुकडा वाळत आला होता, अजून गळला नव्हता. तिने मीनलला दूध कसं पाजायचं ते सांगितलं, ताप आला तर कुणाला फोन करायचा ते सांगितलं. सासू ओट्यावर उभी राहून पाहत होती. तिने कुणाला अडवलं नाही. पंधरा मिनिटांनी आम्ही निघालो.

व्हॅनपाशी पोचलो आणि मागून पाण्याचा आवाज आला. बादलीत पडणाऱ्या पाण्याचा, मग बाळाच्या रडण्याचा. आम्हा तिघांनाही कळलं काय चाललंय. बाळाला पुन्हा आंघोळ घातली जात होती.

मी व्हॅनचं दार धरून उभा राहिलो. शेवंताबाई थांबल्या. मला वाटलं, संपलं. दिलेलं परत काढून घेतलं, आता खुंटीची गोष्ट निघणार. आणि अनुश्रीने बॅग माझ्या हातात फेकली आणि ती वळून पळत आत गेली. मला वाटलं भांडायला गेली. मीही मागे धावलो.

सासू न्हाणीच्या दगडावर बसली होती, पायांवर बाळ, हातात गडवा. अनुश्री तिच्यासमोर उकिडवी बसली. "अम्मा, पानी नाभी पर मत डालो," ती म्हणाली. "नहलाना है तो नहलाओ, पर वो गीला रहा तो पक जाएगा. सूखा कपड़ा दो, मीनल." मीनलने रडत रडत कपडा दिला. अनुश्रीने बाळाची बेंबी हलक्या हाताने टिपून कोरडी केली, सासूच्या पायांवरच. "तेल नहीं, हल्दी नहीं. बस सूखा रखो. समझीं?"

सासूच्या हातातला गडवा तसाच राहिला होता. ती म्हणाली, "हव."

तिने माफी मागितली नाही, आम्हाला ओट्यावर बोलावलं नाही. तसं झालं असतं तर सांगायला मला आवडलं असतं.

अनुश्री परत आली तेव्हा तिच्या बाह्या ओल्या होत्या. शेवंताबाई अंगणाच्या तोंडाशी उभ्या होत्या, त्यांनी सगळं पाहिलं होतं. तिघं व्हॅनमध्ये बसलो. मी गाडी सुरू केली. गाव मागे पडलं. अनुश्री खिडकीतून बाहेर बघत होती. ती म्हणाली, "माय, पुन्हा धुतलं त्यायनं. मग तू सांग. टांगू का खुंटीले?"

शेवंताबाई आपल्या हातांकडे बघत होत्या.

"म्हातारीले धुत बसू दे," त्या म्हणाल्या. "एकीनं देलं ना. आंघोळ झाल्यावर, आपल्या हातानं, अंगणात येऊन. माह्या मायले चाळीस वर्षांत एकीनंही नव्हतं देलं."

फाटक आलं. या वेळी ते लागलेलं होतं. मी इंजिन बंद केलं. मालगाडी जात होती आणि शेवंताबाईंनी पदराने पोरीच्या ओल्या बाह्या पुसायला घेतल्या, एक झाली की दुसरी.

"उद्या ड्युटी किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.

"आठ वाजता."

"जवस संपले घरचे," त्या म्हणाल्या. "भाऊ, बाजारातून जाता जाता घेऊन घ्या. दोघायचा डबा भराचा आहे मले."